किल्ली समोरच्या घरी

—नाही, तू नाही चुकलीस, पाटीच चुकलीय. चर्चच्या फाटकावर अजून लिहिलंय ना, 'किल्ली टीन-लान या घरी मिळेल' म्हणून? हेच ते टीन-लान. पण किल्ली इथे नाही. सहा वर्षं झाली. पाटी बदला, पाटी बदला म्हणून मी तिघांना सांगून दमले, एकाने हलवली नाही, आणि आठवड्याला दोघं तरी असे येतातच — पाठीवर पिशवी, बूट चिखलाने भरलेले — आणि दारात उभं राहून म्हणतात, मिसेस परी, किल्ली. जसा काही माझा जन्मच किल्ल्या द्यायला झालाय. अगं, बूट नको काढू, फरशीच आहे, पुसता येते. बस. चहा ओतलाच आहे मी. आता कुठे आहे म्हणतेस? समोर. रस्त्यापलीकडचं घर. बेरिल रोलंड्स. हां हां, लगेच उठू नको, ती काही पळून जात नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई कुठे पळणार? आणि पळालीच तर मी दारात उभी राहून टाळ्या वाजवीन. बस म्हटलं ना.

कुठली तू? थांब, सांगू नकोस. दक्षिणेकडची. कार्मार्थन? बघ, एका वाक्यात ओळखलं! बोलता आपलीच भाषा, पण दुधाला तुमच्याकडे नाव वेगळं. असू दे, दूध तिकडेही गायच देत असेल. घालू ना? आणि हे घे, बारा ब्रीथ, आपला मनुकांचा केक. मनुका अख्खी रात्र चहात भिजवते मी, आणि मग केकात घालते. दुकानवाले तास-दोन तास भिजवतात आणि वर पारंपरिक म्हणून लिहितात. लोणी लाव भरपूर, लाजू नको. दाखव बघू ते माहितीपत्रक. 'लीन द्वीपकल्पाचा वारसा'. अरे वा, कागद लग्नपत्रिकेसारखा गुळगुळीत काढलाय. नको, उघडू नको. ते मधलं पान नको. पालथं घाल टेबलावर. माझा चष्मा नाहीये. हा? हा लांबचा आहे.

मी सांगते ना तुला काय बघायचं ते. या आडवाटेच्या चर्चात काय ठेवलंय? ओल आणि वटवाघळं. महिन्यातून एकदा प्रार्थना, तीही सात माणसांची, त्यातली दोन बहिरी. त्यापेक्षा क्रिकिएथला जा. समुद्रात घुसलेल्या टेकाडावर किल्ला आहे — वर चढलीस की एका अंगाला डोंगर, एका अंगाला पाणी, आणि खाली उतरलीस की आइस्क्रीम. चर्चच बघायचं असेल तर क्लिनॉगचं बघ, किती मोठं! तिथे एक लांबलचक चिमटा ठेवलाय, प्रार्थनेच्या वेळी कुत्री भांडायला लागली की त्यांची मान धरून बाहेर काढायला. तसला एक चिमटा मला हवा होता. कशाला म्हणजे? काही नाही, असंच म्हटलं. पाय धड आहेत तुझे, त्रेर केइरीवर चढ — दोन हजार वर्षांमागची दगडी घरं आहेत वर, नुसती छपरं घातली तर आजही माणसं राहायला जातील. नाहीतर आबरदारोनला जा, होडी मिळाली तर एन्ली बेटावर जा. वीस हजार संत पुरलेत म्हणतात तिथे. एवढ्याशा बेटावर कसे मावले ते त्यांचं त्यांना ठाऊक, दाटीवाटीने निजले असतील. मी? नाही, मी नाही गेले. म्हणजे निघाले होते. चर्चची सहल होती, तेकविन म्हणाला तूही चल. किनाऱ्यापर्यंत गेले, लाटा बघितल्या आणि तिथेच थांबले. म्हटलं, तू जा. आता अशा वेळी माणसाने एकदा तरी म्हणावं ना, की तू नाही तर मीही नाही! हा म्हणाला, बरं. आणि चढला होडीत. आणि शेजारी कोण? बेरिल. दिवसभर मी चहाच्या दुकानात खिडकीशी बसून ते बेट बघत होते. शहाण्णव साल. आठ जून. शनिवार.

तेकविन म्हणजे माझा नवरा. तो बघ कपाटावर, टोपीवाला. शेवंडी धरायचा, खेकडे धरायचा, लहान होडी, चाळीसएक पिंजरे. आणि चर्चची देखभालही त्याच्याकडे, कारण घर फाटकाला लागून. त्याच्या आधी त्याचा बाप बघायचा, बापाच्या आधी आजा. चर्चची किल्ली याच घरात, या खिळ्यावर. हा रिकामा खिळा. वीतभर लांब होती, लोखंडाची, हातात धरली की हाताला वास लागायचा. मी मात्र चॅपेलची हं, संत-चित्रं न मानणाऱ्या साध्या पंथाची. लग्न ठरलं तेव्हा माझ्या बापाने महिनाभर तोंड फिरवलं होतं, की चॅपेलची मुलगी चर्चवाल्याच्या घरी! पण आमचं कधी अडलं नाही. रविवारी फाटकाबाहेर पडलं की तो डावीकडे वळायचा, मी उजवीकडे, आणि साडेबाराला दोघं एकाच मटणाच्या भांड्याशी. तीस वर्षं असं सुरळीत चाललं होतं. मग नव्वद साली समोर ही आली.

बेरिलबाई! मोन बेटावरची. आम्ही इकडचे लोक मोनवाल्यांवर तसाही विश्वास ठेवत नाही, पण ते सोड. शाळेत चित्रकला शिकवायची, निवृत्त झाली आणि म्हणे समुद्र बघत राहायचं. मोनला समुद्र नाही? चहूबाजूंनी समुद्र आहे तिथे! लग्न नाही, मूल नाही, मांजरसुद्धा नाही. तू म्हणशील देखणी असेल. कसली आलीय देखणी! माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. पुढचे दात पुढे. पायात पुरुषी बूट. तरुण असती ना बाळ, तर मला समजलं असतं. चार दिवस रडले असते, त्याला दोन लाटणी हाणली असती आणि प्रकरण मिटलं असतं. पण म्हातारी, दातांची, ढगळ स्वेटर घालणारी — तिच्यात त्याला काय दिसलं, याचं उत्तरच सापडत नाही, आणि उत्तर सापडत नाही म्हणून झोप येत नाही.

सुरुवात कशी झाली सांगू? टेपने. मोजपट्टीच्या टेपने. तिला आपल्या चर्चचा इतिहास लिहायचा होता. तर भिंती मोजायला हव्यात, खिडक्या मोजायला हव्यात, थडग्यांवरची अक्षरं उतरवून घ्यायला हवीत. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं टोक माझ्या नवऱ्याच्या. सात वर्षं मोजत होते गं! केवढं ते चर्च? दोन तासांत मोजून होईल. मला या घराचे पडदे शिवायचे होते, म्हटलं तेकविन, जरा टेप धर, तर म्हणाला, अंदाजाने शिव. अंदाजाने! आणि तिकडे खिडकीची कमान तीन वेळा मोजली, कारण बेरिलला आकडा चुकल्यासारखा वाटला. हे मला कुणी सांगितलं? त्यानेच सांगितलं, जेवताना, कौतुकाने. मी आपली बटाटे वाढत होते.

बरं, तुला चहा आणखी? घे. मग तो बुधवार आला. सत्याण्णव सालचा, एप्रिलमधला. बुधवार म्हणजे पुथेलीचा बाजार, मी दहाच्या बसने जायची. निघाले, पिशवी घेतली, चर्चवरूनच वाट जाते, तर दार अर्धवट उघडं. किल्ली बाहेरून कुलपातच. म्हटलं विचारावं, बाजारातून काही आणू का. एक पाय पायरीवर ठेवला आणि आतून हसणं ऐकू आलं. त्याचं. तू त्याला ओळखत नाहीस म्हणून तुला कळणार नाही — तेकविन हसायचा नाही. वाईट नव्हता स्वभाव, पण हसणं म्हणजे ओठ जरासे लांबवायचे, झालं. हे हसणं पोटातलं होतं. भिंतींना आपटून घुमत होतं. सदतीस वर्षांच्या संसारात मी ते हसणं एकदा ऐकलं होतं, तेही त्याचा भाऊ तोंडावर चिखलात पडला तेव्हा. मी काही विचार केला नाही. खरंच नाही. दार ओढलं, किल्ली फिरवली, पिशवीत टाकली आणि बस पकडली.

हस, हस. सगळा गाव हसला, तू का मागे राहतेस? पण त्या वेळी मला हसू येत नव्हतं. बसमध्ये पिशवी मांडीवर, किल्ली टोचत होती मांडीला. मला वाटत होतं, राहू देत आता दोघं आत. चार वाजेपर्यंत तोंडाकडे तोंड करून बसतील, थंडीने काकडतील, आणि मग लोक येतील, दार उघडेल, आणि आतून ही दोघं बाहेर पडताना अख्खं गाव बघेल. मग कळेल सगळ्यांना. काय कळेल? ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. काहीतरी कळेल. पुथेलीत मी सपाता घेतल्या, चीझ घेतलं, आणि तळलेला मासा खाल्ला. चवीने खाल्ला, खोटं का बोलू.

इकडे काय झालं? त्यांनी घंटा वाजवली. दुसरं करणार काय, भिंती हातभर जाड, ओरडून कुणाला ऐकू जाणार! पण आपल्याकडे बुधवारी अकरा वाजता चर्चची घंटा वाजली म्हणजे काय? कुणीतरी गेलं. गावाने हिशेब केला — कोण जाईल? ग्रिफ तानराल्ट! ब्याण्णव वर्षांचा, महिनाभर अंथरुणात. झालं, बायकांनी केक गुंडाळले, पुरुषांनी काळे कोट चढवले, आणि अर्धा गाव टेकडी चढून ग्रिफच्या दारात. दार कोणी उघडलं असेल? ग्रिफने! लेंग्यावर. लोकांच्या हातातले केक बघून म्हणाला, माझा वाढदिवस आहे का आज? एवढं होईतो कुणाच्या डोक्यात आलं नाही, की घंटा वाजतेय अजून, तर वाजवतंय कोण? मग सगळे खाली उतरले ते चर्चपाशी. दार बंद. आतून तेकविनचा आवाज. किल्ली कुठे? नेस्ता परीच्या घरी. नेस्ता परी कुठे? बाजारात.

चारची बस फाटकापाशीच थांबते. खिडकीतून मला तीस माणसं दिसली, काळ्या कोटातली. ग्रिफसुद्धा, खुर्चीवर, पायावर घोंगडी. मी खाली उतरले. सगळ्यांनी वाट करून दिली, आणि मी त्या सगळ्यांच्या मधून पिशवीत हात घालून चालत गेले. किल्ली सापडेना — सपातांच्या खाली गेली होती मेली. मग कुणाला तरी हसू फुटलं, मग दुसऱ्याला, आणि मग जे हसायला लागले! मला वाटलं होतं हसं त्यांचं होईल. झालं माझं. आजही दुकानात कुणी म्हणतं, नेस्ता, बाजारात निघालीस का, किल्ली ठेवून जा हं. एकवीस वर्षं!

पण ते नाही. ते मी सोसलं असतं. दार उघडलं आणि तेकविन बाहेर आला — आपादमस्तक पांढरा. केस, भुवया, मिशा, सगळा चुना. पिठाच्या पोत्यात पडल्यासारखा. मला वाटलं आता गरजेल, मारेल सुद्धा. मी तयार होते, माझीही वाक्यं तयार होती, बसमध्ये जुळवून ठेवलेली. तो काय म्हणाला असेल? 'नेस्ता, आत ये. आधी तू ये.' कुणी कोंडलं, का कोंडलं, काही नाही. हात पुढे केलेला, डोळे पाण्याने भरलेले, आणि हसतोय. झालं असं होतं, की खिडकीतून बाहेर पडावं म्हणून दोघांनी बाक उभा केला उत्तरेच्या भिंतीशी, बाक घसरला, त्याचा कोपरा भिंतीला घासत खाली आला आणि चुन्याचा पापुद्रा सुटला, परातीएवढा. आणि त्याच्या आतून एक डोळा बघत होता. रंगवलेला, पाचशे वर्षांपूर्वीचा. मग दोघं दिवसभर हातांनी, नखांनी पोपडे उचलत बसले. नंतर कार्डिफहून आलेला सरकारी माणूस चिडला होता म्हणे, असं नखांनी खरवडतात का! पण तोंड दिसलं होतं पुरतं. संत क्रिस्तोफर. खांद्यावर लहान मूल घेऊन नदी ओलांडणारा, पायाशी मासे. शेवंडही आहे म्हणतात एक, लाल.

म्हणतात म्हणजे? म्हणजे मी बघितलं नाही. नाही गेले आत. एवढ्या सगळ्यांसमोर, तीस माणसं हसताहेत, आणि दारात त्याच्या खांद्याच्या मागे ती उभी, तीही पांढरी, तीही हसतेय, दात पुढे. दोघं एकाच चुन्याचे झाले होते गं. मी म्हटलं, मी चॅपेलची आहे, मला तुमच्या संतांशी काय करायचंय, आणि बटाटे सोलायचेत. आणि घरी आले. त्याचा हात तसाच पुढे राहिला. त्याने परत कधी बोलावलं नाही. एकदाही नाही. बोलावलं असतं तर मी गेले असते? गेले असते कदाचित. दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं तरी गेले असते.

ते मधलं पान आहे ना, त्यात फोटो आहे. आणि फोटोखाली लिहिलंय, 'टी. परी आणि बी. रोलंड्स यांनी उजेडात आणलेलं भित्तिचित्र'. शोधायची गरज नाही, मला पाठ आहे. आणि. मध्ये एक 'आणि'. आता मला सांग, कोणी उजेडात आणलं? मी कोंडलं नसतं तर दोघं बाराला जेवायला घरी आले असते, आणि तो संत आजही चुन्याखाली बसला असता! तुझ्यासारखे इतके लोक येतात — जर्मन येतात, जपानी येतात, परवा एक ब्राझीलचा होता — ते सगळे माझ्यामुळे येतात. माझं नाव कुठे आहे? कुठे नाही. दोघांचं नाव जोडीने छापलंय, लग्नाच्या नोंदीसारखं, आणि मी आपली चहा पाजतेय.

आणि मग त्या बाईने त्याच्या डोक्यात ते घातलं. पुस्तकात वाचून. की जुन्या काळी लोक मानायचे, ज्या दिवशी या संताचं तोंड पाहावं त्या दिवशी मरण येत नाही. म्हणून तो दारासमोर काढतात म्हणे, वाटसरूला फार आत यायला नको, दारातूनच बघून पुढे जाता यावं. झालं! समुद्रावर जाणारा माणूस, त्याला तेवढंच हवं. रोज सकाळी उठला की खिळ्यावरची किल्ली काढायचा, चर्चमध्ये जायचा, त्याचं तोंड बघायचा, आणि मग होडीवर. पंधरा वर्षं. मी म्हणायची, सकाळी उठून बायकोचं तोंड बघ की जरा! तर म्हणायचा, ते बघूनच जातो, नेस्ता. — हो, म्हणायचा असं. — आणि समोरचा पडदा हलायचा रोज. तिचा. तो फाटकात शिरला की ही स्वेटर अडकवून मागून हजर. रोज. म्हणजे रोज असं नाही, आठवड्यातून एखादा दिवस. महिन्यातून म्हण. एरवी तो एकटाच असायचा, पाचेक मिनिटं. पण एकट्यानेही गेला तरी मनात कोण होतं? ते मला कळत नाही असं वाटतं तुला?

किल्ली तिच्याकडे कशी गेली? घेतली तिने. तो गेला आणि आठ दिवसांत घेतली. नवरा नेला, चित्र नेलं, किल्ली तेवढी राहिली होती, तीही नेली. — नेली म्हणजे — मीच नेऊन दिली. हो. मातीच्या तिसऱ्या दिवशी, अशीच दुपारी. दारात उभी राहिले आणि तिच्या हातात ठेवली. ती माझा हातच धरून राहिली, मी ओढून घेतला. नाताळला केक पाठवते दरवर्षी, मी बाहेर नेऊन पाखरांना घालते. परवा तर स्वतः आली, काठी टेकत, रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागली तिला, मी इथून बघत होते. म्हणाली, नेस्ता, गुडघे गेले माझे, आता ती किल्ली परत घे, तुझ्या खिळ्यावरच बरी. मी दार लावून घेतलं. या घरात ती किल्ली परत येणार नाही. मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

का म्हणजे? उगाच. नको असते एखादी गोष्ट. — बघतेस काय अशी? केक खा. — तू कुणाला सांगणार आहेस? परवा कार्मार्थनला जाशील, विसरशील. सहा वर्षांमागचा ऑक्टोबर होता. आदल्या दिवशी हेच कागद आले होते, पहिल्यांदा छापून, गठ्ठाच्या गठ्ठा. त्याने मधलं पान फाडून घेतलं आणि लावलं तिथे, चुलीच्या वर. माझ्या स्वयंपाकघरात. दोघांची नावं. मी रात्रभर जागी. सकाळी तो उठायच्या आधी उठले आणि खिळ्यावरची किल्ली काढून एप्रनच्या खिशात घातली. एक दिवस जाऊ नये त्याने. एवढंच. एक दिवस नाही गेला तर काय बिघडतं? तो आला, खिळा बघितला. जमिनीवर बघितलं, पडलीय का. मग मला विचारलं, नेस्ता, किल्ली? मी म्हटलं, मला काय माहीत, बेरिलला विचार. मी पीठ मळत होते, मान वर केली नाही. मग त्याने टोपी घेतली आणि म्हणाला, बरं. धक्क्यावर पोहोचलाच नाही. उतारावर, दोरी हातात. दीड तासाने मला बोलवायला आले तेव्हा मी तशीच धावले, एप्रनसकट, आणि खाली बसले त्याच्याशेजारी तेव्हा ती खिशातून दगडावर वाजली. डॉक्टर म्हणाले, हृदयच दमलं होतं, कधीही झालं असतं. कधीही! तो त्या बेरिलच्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा, मी ठेवत नाही. मी चॅपेलची आहे. मला ठाऊक आहे, भिंतीवरचा रंग कुणाला मारत नाही आणि कुणाला वाचवतही नाही. मग ही कशी जगतेय अठ्ठ्याऐंशी वर्षांची? रोज आठ वाजता जाते, काठी टेकत, दार उघडते, बघते, येते. मरतच नाही टवळी!

काय? पुन्हा बोल. मीही चलावं तुझ्याबरोबर? आत्ता? — काहीतरीच काय, गुडघे — नाही, माझे चांगले आहेत — पण बटाटे — आणि काय म्हणालीस? त्या दोघांमध्ये कदाचित काही नव्हतंच? तो नुसता ते चित्र बघायलाच जात असेल? नाही. नाही गं बाई. तुला काय माहीत, कालची पोर तू. तो तिच्यासाठी जायचा. पंधरा वर्षं, तिच्यासाठीच. तसंच होतं ते, आणि तसंच राहू दे. तिच्यासाठी जात होता म्हणून मी किल्ली लपवली. कुठल्याही बायकोने लपवली असती, तूही लपवशील, लग्न झालं की बघ. पण तो नुसता तिथे जाऊन उभा राहत असेल — एकटा — टोपी हातात धरून — आणि त्या सकाळी त्याला तेवढंच हवं होतं, आणि मी ती खिशात ठेवून पीठ —

ऊठ. ऊठ तू. राहू दे तो कप तिथेच. समोर जा, जोरात वाजव, तिला ऐकू येत नाही. आणि बघून झालं की रस्त्याच्या त्याच बाजूने जा. इथे सांगायला येऊ नकोस. जा.